वॅक्स जास्त टिकतं की सीलंट? आपल्याच बॉनेटवर करून बघायची चाचणी

दसऱ्याला गाडीची पूजा होते. बॉनेटवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक निघतं, झेंडूचा हार चढतो, नारळ फुटतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वस्तिक धुवायला घ्या. पांढऱ्या गाडीवरचं कुंकू तांब्याभर पाण्यात वाहून गेलं, तर रंगावर संरक्षक थर अजून शिल्लक आहे. गुलाबी छटा मागे राहिली आणि चोळून काढावी लागली, तर थर केव्हाच गेलेला आहे. (हळदीचा पिवळा डाग राहिला तर घासत बसू नका. हळदीतला रंग उन्हात टिकत नाही, काही दिवसांत आपोआप फिका पडतो.)

मी पुण्यात राहतो, गाडी सोसायटीत उघड्यावर उभी असते. नवी गाडी घेतलेले मित्र हमखास एकच विचारतात: वॅक्स लावू की सीलंट, जास्त काय टिकतं? डब्यावरचा ‘सहा महिने’ हा आकडा बघून याचं उत्तर देता येत नाही. ते सहा महिने कुठल्या उन्हातले, कुठल्या पाण्याने धुतलेले, गाडी सावलीत होती की रस्त्यावर, हे डब्यावर लिहिलेलं नसतं. तुमच्या गाडीचं उत्तर तुमच्या बॉनेटवरच मिळतं. त्यासाठी एक रविवारची सकाळ, मास्किंग टेपची एक गुंडाळी आणि एक वही पुरते. पुढचे काही महिने फक्त बघत राहायचं.

आधी शब्द नीट करून घेऊ

आपल्याकडे बाटलीतून रंगावर जे काही लावतात त्या सगळ्याला ‘पॉलिश’ म्हणतात. नवख्याची पहिली चूक इथेच होते. पॉलिशमध्ये घासणाऱ्या कणांची बारीक खरड असते. ती रंगावरचा वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, किंचित घासते आणि ओरखडे कमी करते. गॅरेजवाले ‘रबिंग पॉलिश’ म्हणतात ते हेच. क्लिअर कोटची जाडी साधारण ३५ ते ५० मायक्रॉन असते. ती प्रत्येक रबिंगला थोडी कमी होते आणि पुन्हा भरून येत नाही. वॅक्स आणि सीलंट मात्र घासत नाहीत, वर थर चढवतात. तेव्हा दुकानात ‘पॉलिश द्या’ म्हणू नका. बाटलीमागचं वाचा. त्यात ‘क्लीनर’ किंवा ‘स्क्रॅच रिमूव्हर’ असा शब्द दिसला तर त्यात खरड असण्याची शक्यता धरूनच चाला.

वॅक्स म्हणजे मुख्यतः कार्नोबा. ईशान्य ब्राझीलमध्ये वाढणाऱ्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवर हे मेण तयार होतं. नैसर्गिक मेणांमध्ये ते सगळ्यांत कडक, साधारण ८२ ते ८६ अंश सेल्सियसला वितळतं. तेवढं कडक मेण हाताने पसरवणं शक्य नसतं. म्हणून डब्यात त्याच्याबरोबर तेलं, द्रावक आणि बऱ्याचदा मधमाशीचं मेण असतं, आणि मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंशांनाच वितळतं. एप्रिल-मेच्या दुपारी काळ्या गाडीचं बॉनेट ७० अंशांच्या आसपास जाऊ शकतं, हात ठेवला की चटका बसतो. अशा उन्हात डब्यातलं मिश्रण मऊ पडतं, त्यात धूळ रुतते, आणि प्रत्येक पुसण्याबरोबर थोडं मेण फडक्यावर निघून येतं.

सीलंट कारखान्यात बनतं. त्यात सिलिकोन आणि इतर पॉलिमर असतात. रंगाला ते मेणापेक्षा घट्ट धरून राहतात, उष्णता आणि साबण जास्त सोसतात. चमक मात्र वेगळी असते: वॅक्सने गडद रंगाला ओलसर खोली येते, सीलंटने काचेसारखी स्वच्छ चकाकी येते. लाल, काळी किंवा गडद निळी गाडी असेल तर हा फरक डोळ्यांना दिसतो. पांढऱ्या आणि चंदेरी गाडीवर तो शोधावा लागतो.

शोरूममध्ये नव्या गाडीबरोबर ‘टेफ्लॉन कोटिंग’ गळ्यात मारतात, त्याबद्दलही इथेच सांगतो. तव्यावरचं टेफ्लॉन म्हणजे पीटीएफई. ते ३२७ अंशांना वितळतं आणि भांड्यावर भट्टीच्या उष्णतेने बसवलं जातं. गाडीचा रंग तेवढी उष्णता सोसूच शकत नाही. त्यामुळे त्या कोटिंगमधून गाडीवर जे टिकतं ते सोबतच्या पॉलिमरमुळे. म्हणजे तेही एक सीलंटच, आणि त्याचीही हीच चाचणी घेता येते.

बॉनेट तयार करणं

चाचणी बॉनेटवरच घ्या. ऊन, पाऊस, इंजिनाची उष्णता, पक्ष्यांची विष्ठा, सगळं तिथे सर्वांत जास्त पडतं. दारांवर तोच थर कितीतरी जास्त दिवस टिकतो, म्हणून बॉनेटवर वॅक्स आणि दारावर सीलंट लावून तुलना करू नका. एकाच पॅनेलवर दोन्ही हवीत. बॉनेटचं नुकतंच डेंटिंग-पेंटिंग झालं असेल तर किमान महिनाभर थांबा आणि पेंटरला विचारूनच पुढे जा. ताज्या रंगातून द्रावक उडून जात असतात, त्यावर झाकण घालायचं नसतं.

सकाळी सातच्या आत सुरुवात करा, पत्रा थंड असताना. दोन बादल्या घ्या, एकीत कार शॅम्पू, दुसरीत साधं पाणी. हातमोजा शॅम्पूत बुडवायचा, एक पट्टा पुसायचा, साध्या पाण्यात खळखळून परत शॅम्पूत. दुसऱ्या बादलीच्या तळाशी जमणारी माती बघितलीत की एकाच बादलीने धुण्यात रोज काय चाललं होतं ते लक्षात येईल.

धुऊन झालं की हाताला पातळ प्लास्टिकची पिशवी घाला आणि बोटं बॉनेटवर हलकेच फिरवा. नुसत्या हाताला गुळगुळीत वाटणारा पत्रा पिशवीतून खरखरीत लागतो. रंगाला चिकटलेली डांबराची, झाडाच्या चिकाची, धुराची आणि लोखंडाची ती कणी असते. रेल्वे लाइनजवळ गाडी लावणाऱ्यांना पांढऱ्या पॅनेलवर बारीक नारिंगी ठिपके दिसतात. ब्रेकमधून उडणारे लोखंडाचे कण रंगात रुतून गंजतात, त्यांचे ते ठिपके. यासाठी आयर्न रिमूव्हर मिळतं. फवारलं की लोखंड असेल तिथे जांभळे ओघळ उतरतात. बाकीच्या कणीसाठी क्ले बार, म्हणजे चिकणमातीसारखा मऊ गोळा, भरपूर शॅम्पूच्या पाण्यावर अलगद, अजिबात न दाबता फिरवायचा. क्ले हातातून जमिनीवर पडला तर तो तुकडा टाकून द्या. त्यात बसलेला एक खडा अख्खं बॉनेट ओरबाडतो.

शेवटचं काम म्हणजे आधीचं तेल आणि मेण काढणं. एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तीन भाग बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर स्प्रेच्या बाटलीत भरा, फवारा आणि स्वच्छ मायक्रोफायबरने पुसा. नळाचं किंवा बोअरचं पाणी इथे वापरू नका, क्षारांचे डाग राहतील. पुसल्यावर बॉनेटवर पाणी टाका. ते कुठेही थेंब न धरता सपाट पसरून राहिलं, तर पत्रा खरोखर उघडा झालेला आहे. कुठे थेंब धरले गेले तर तिथे जुनं काहीतरी शिल्लक आहे, परत पुसा. ही पायरी अनेकजण गाळतात आणि मग महिनाभर जुन्या शोरूम कोटिंगचीच चाचणी घेत बसतात.

तीन पट्टे

मास्किंग टेपने बॉनेटचे उभे तीन भाग करा. एका बाजूला वॅक्स, दुसऱ्या बाजूला सीलंट, आणि मधला हातभर पट्टा उघडा, त्यावर काहीही नाही. मधला पट्टा दोन कामं करतो. दोन्हीकडचा माल एकमेकांत मिसळू देत नाही, आणि पुढे ‘हे अजून काम करतंय का’ असा प्रश्न पडला की शेजारी ठेवून बघायला मूळ रंग तिथेच असतो. टेप ऊन यायच्या आत काढायची, तापली की गोंद मागे राहतो.

लावताना कमीत कमी माल घ्या. हे मी जोर देऊन सांगतो, कारण हात नेहमी जास्तीकडेच जातो. अर्ध्या बॉनेटला बोटाच्या नखाएवढं वॅक्स पुरतं. जाड थर जास्त टिकत नाही. रंगाला जेवढं धरता येतं तेवढंच राहतं, उरलेलं तुम्हीच फडक्याने काढून टाकता, आणि काढताना दमता. पसरवलेला थर इतका पातळ हवा की तिरक्या प्रकाशातच दिसेल. थोड्या वेळाने तो धुरकट होतो. मग एका कोपऱ्यावरून बोट फिरवा. बोटाखाली रंग लख्ख दिसला तर पुसायला घ्या, ओशट रेघ उमटली तर थांबा. पावसाळी दमट हवेत हे थांबणं बरंच लांबतं. दोन्हींना वेगळे पॅड, वेगळी फडकी. काळ्या प्लास्टिकला वॅक्स लागू देऊ नका, वाळलं की पांढरे डाग धरतं आणि ते सहज निघत नाहीत.

सीलंटला मुरायला वेळ लागतो. बहुतेक सीलंटना १२ ते २४ तास पाणी लागता कामा नये. बाटलीवर नक्की वेळ दिलेली असते, ती पाळा. हिवाळ्यात पहाटेचं दव हेही पाणीच, हे विसरू नका. त्या रात्रीपुरती कुणाकडे तरी झाकलेली जागा मागून घ्या. दुसरा हात द्यायचा असेल तर तोही एवढ्या वेळानंतरच.

नोंद कशी ठेवायची

दिवस मोजण्यापेक्षा धुणं मोजा. रोज पुसली जाणारी आणि पंधरवड्याला धुतली जाणारी गाडी यांचे महिने सारखे नसतात. वहीत तारीख, कितवं धुणं, कशाने धुतली, आणि तिन्ही पट्ट्यांबद्दल एकेक ओळ. मोबाइलवर त्याच जागेवरून, त्याच वेळी फोटो.

बघायचं काय ते नीट सांगतो. गाडी धुऊन झाल्यावर बॉनेटवर एक तांब्या पाणी वरच्या कडेने, काचेजवळून, सावकाश ओता. ताज्या वॅक्सवर पाणी लगेच तुटतं, हरभऱ्याएवढे फुगीर थेंब होतात आणि जागीच थरथरत राहतात. ताज्या सीलंटवर बऱ्याचदा थेंब थोडे चपटे असतात, पण पाणी चादरीसारखं एकत्र होऊन पटकन खाली घसरतं आणि मागे जवळजवळ कोरडा पत्रा उरतो. मधल्या उघड्या पट्ट्यावर पाणी कुठेही न जाता पसरून बसतं. मोबाइलच्या घड्याळावर पाणी उतरायला लागणारे सेकंद मोजा. थर झिजायला लागला की आधी थेंबांची कड गोल न राहता वाकडीतिकडी होते, मग थेंब एकमेकांना चिकटून डबकी होतात, आणि शेवटी तो पट्टा मधल्या पट्ट्यासारखाच दिसू लागतो.

दिसायला फुगीर थेंब म्हणजे जास्त संरक्षण, असं मात्र नाही. आपल्याकडे तर त्याचा एक तोटाही आहे. बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्याचा थेंब उन्हात जागीच वाळला की त्यातले क्षार एका गोल कड्यात साठतात आणि पांढरा डाग उरतो. ज्यांना हेच पाणी वापरावं लागतं त्यांना पाणी घसरवणारं सीलंट जास्त सोयीचं पडतं. आणि वॅक्स असो की सीलंट, धुतल्यावर लगेच पुसून कोरडं करायलाच हवं.

दुसरी खूण फडक्याची. आमच्या सोसायटीत गाड्या पुसणारे काका आहेत. पहिल्या खेपेला मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं आणि त्यांनी रोजच्या सवयीने कोरड्या फडक्याने सगळ्या बॉनेटची धूळ झटकली. मग मी त्यांना पट्टे दाखवले आणि म्हटलं, “काका, बॉनेटला फक्त ओलं फडकं, आणि आधी पाणी मारून.” तिसऱ्या आठवड्यात त्यांनीच मला थांबवलं. “साहेब, त्या बाजूला फडकं सरसर जातंय, मधे अडतंय. आणि ह्या बाजूलाही आता अडायला लागलंय.” अडायला लागलेली बाजू वॅक्सची होती. पाण्याच्या थेंबांवरून मला ते अजून कळलेलं नव्हतं, पण रोज हात फिरवणाऱ्या माणसाला कळलं. तेव्हापासून मी ‘फडकं अडतं का’ हा रकाना वहीत पहिला ठेवतो.

तिसरी गोष्ट घाईची. थेंब धरले जात नाहीत म्हणून थर गेला, असं लगेच लिहू नका. रस्त्याची धूळ आणि तेलकट धूर थरावर साचला की तोही पाणी धरून ठेवतो. शॅम्पूने व्यवस्थित धुवा, पुसा आणि परत पाणी ओता. थेंब परत आले तर नुसता मळ होता. दोन धुण्यांनंतरही आले नाहीत, तेव्हा त्या तारखेला लाल रेघ मारायची.

कशाने थर मरतो

कपडे धुण्याची पावडर हा मोठा शत्रू. ती चांगलीच अल्कधर्मी असते, सामू १० च्या आसपास किंवा वर. तेलकट डाग काढायला बनवलेली वस्तू मेणालाही तेलकट डागच समजते. भांड्यांचा साबणही तेलकटपणा काढायलाच बनवलेला असतो. रॉकेल किंवा डिझेलच्या फडक्याने गाडी ‘चमकवणं’ त्याहून वाईट, कारण ते मेण सरळ विरघळवतात. आज दिसते ती चमक डिझेलच्या तेलाची असते, आणि त्यावर संध्याकाळपर्यंत धूळ बसते.

माझी पहिली चाचणी अशीच वाया गेली. सहाव्या आठवड्यात गाडी एका वॉशिंग सेंटरला दिली. तिथे दाट पांढरा फोम मारला, आणि घरी येऊन तांब्या ओतला तर वॅक्सची बाजू उघड्या पट्ट्यासारखी सपाट. सीलंटची बाजू मात्र तेवढ्या फोमनंतरही पाणी घसरवत होती, आधीपेक्षा हळू, पण घसरवत होती. चाचणी म्हणून ते बाद झालं, तरी दोघांतला फरक त्या एका धुण्यात जितका स्पष्ट दिसला तितका नंतर कधी दिसला नाही. बाहेर धुवायला देणार असाल तर कोणता शॅम्पू वापरता ते विचारा, किंवा आपली बाटली बरोबर न्या.

पक्ष्यांची आणि वटवाघळांची विष्ठा, जांभळाचा रस, झाडाचा चीक हे कुठलाही थर दिवसभर थोपवू शकत नाही. थरामुळे काही तास मिळतात, तेवढ्यात ओलं फडकं ठेवून, भिजवून उचलायचं. डाग बसून क्लिअर कोट खाल्ला गेला तर दोष वॅक्सचाही नाही आणि सीलंटचाही नाही.

काय अपेक्षा ठेवायची

पॉलिमर न मिसळलेलं कार्नोबा वॅक्स उघड्यावरच्या गाडीला साधारण ४ ते ८ आठवडे. आपल्या मे महिन्यात ते खालच्या आकड्याजवळ, झाकलेल्या पार्किंगमध्ये वरच्या आकड्याजवळ. चांगलं पॉलिमर सीलंट ३ ते ६ महिने. यांच्या मधे दोन्हींचं मिश्रण असलेली वॅक्सं आहेत. न्यूयॉर्क राज्यातल्या युटिका गावच्या कॉलिनाइटचं ८४५ हे त्यातलं जुनं, नाव कमावलेलं उदाहरण. डब्यावर ‘वॅक्स’ लिहिलेलं असलं तरी टिकण्यात अशी मिश्रणं सीलंटच्या रांगेत बसतात. म्हणून नावावर जाऊ नका, आत काय आहे ते बघा. हल्ली मिळणारे सिरॅमिक स्प्रे हेही रोजच्या वापरात सीलंटचेच भाऊबंद, वर्षानुवर्षं टिकणाऱ्या खऱ्या सिरॅमिक कोटिंगशी त्यांची गल्लत करू नका.

कुणी एकच विचारलं तर मी सीलंट सांगतो, विशेषतः उघड्यावर गाडी असेल आणि महिन्या-दीड महिन्याने हात मारायला वेळ नसेल तर. मे संपता संपता सीलंट लावा, म्हणजे जून ते सप्टेंबर पावसात गाडी सांभाळली जाते. कोकणात राहत असाल तर ऑगस्टमध्ये एक उघडीप बघून परत एक हात द्या, तिथला पाऊस आणि खारी हवा पुण्यापेक्षा खूप जास्त आहे. ज्यांना गाडी पुसत बसायला मनापासून आवडतं आणि ज्यांची गाडी गडद रंगाची आहे त्यांनी दसऱ्याच्या आधी सीलंटवर वॅक्सचा एक हात जरूर चढवावा. क्रम हाच, खाली सीलंट, वर वॅक्स. उलटं केलंत तर सीलंटला रंग सापडतच नाही, ते मेणावर बसतं आणि मेणाबरोबर निघून जातं.

दोन्ही बाजूंना लाल रेघ पडली, किंवा पावसाळा तोंडावर आला, की चाचणी थांबवा. सगळं बॉनेट परत अल्कोहोलने पुसा आणि जे तुमच्या वहीत जास्त टिकलं ते पूर्ण गाडीला लावा. तो मधला हातभर पट्टा इतके महिने काहीही न लावता ऊन सोसतोय, त्याला आधी क्ले फिरवा आणि सीलंटचे दोन हात द्या.